पेटीची मधली सुट्टी

नववी 'ब'ची मुलगी ओळखायची असेल तर तिला फोन उचलताना ऐका. "हॅलोऽऽ!" असं ती इतक्या जोरात म्हणते की पलीकडचा माणूस फोन कानापासून हातभर लांब धरतो. आम्ही जेवताना मीठ मागतो तेही आरोळी ठोकून. माझी मैत्रीण तक्षशीला, म्हणजे तक्षू, हिला तिच्या बाबांनी कानाच्या डॉक्टरकडे नेऊन आणलं. कान ठणठणीत निघाले. बिघाड आमच्या वर्गात होता आणि त्याचं नाव होतं पेटी.

पेटी म्हणजे वर्गातला संगणक. शिलाई मशीनएवढा, फळ्याच्या डावीकडे, लोखंडी स्टँडवर. पेटी आमची हजेरी घेते, तोंडी परीक्षा घेते, कोणाला काय समजलं नाही ते टिपून ठेवते. पूर्वी ही कामं कुठल्या तरी लांबच्या शहरातले मोठाले संगणक करायचे. मग कायदा झाला की मुलांचा आवाज वर्गाबाहेर जाता कामा नये. कायदा चांगलाच आहे, माझा आवाज कोणी विकावा असं मलाही वाटत नाही. पण त्यामुळे ते अख्खं डोकं वर्गात आणून ठेवावं लागलं, आणि डोकं चाललं की तापतं. तीनशे वॅट! म्हणजे जुन्या काळचे शंभरचे तीन बल्ब एका डब्यात कोंडल्यासारखं. त्यात आमचं गाव भंडारा. मार्च संपत नाही तोवर पारा बेचाळीसवर. बाहेरची हवाच तापलेली, तर पेटीनं थंड व्हायचं कशानं? मग तिचा पंखा जिवाच्या आकांतानं फिरतो. प्रार्थनेपासून शाळा सुटेपर्यंत, सूंऽऽऽ.

त्या सूंऽऽऽच्या वर जो ओरडेल त्याचंच उत्तर पेटीला ऐकू जायचं. बाकीच्यांच्या नावापुढे ती लिहायची, 'प्रतिसाद नाही.' माझ्या नावापुढे हे दोन शब्द इतक्यांदा आले की तक्षू मला 'प्रतिसाद नाई हटवार' म्हणायला लागली. माझं खरं नाव यामिनी. मला उत्तरं यायची हो. आवाजच निघायचा नाही.

एकच माणूस माझ्या बाकापर्यंत यायचा, वाकायचा आणि म्हणायचा, "हां, सांग." ते गभणे सर.

गभणे सर आम्हाला विज्ञान शिकवतात. एके काळी ते झाडीपट्टीच्या नाटकांत खलनायक करायचे. आई सांगते, माईक बंद पडला तरी पाच हजार लोकांच्या मंडपात शेवटच्या रांगेतलं पोर त्यांच्या हसण्यानं आईच्या पदरात शिरायचं. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या गळ्याचं ऑपरेशन झालं आणि आवाजाची एक पट्टी कायमची गप्प झाली. आता सर बोलतात तेव्हा वाळलेल्या पानांवरून कोणी चालत गेल्यासारखं वाटतं.

"आमच्या काळी पेटी सूर द्यायची," सर संगणकाकडे बघून म्हणायचे, "ही नुसती सूं सूं करते." पहिला बाक हसायचा. मागे ऐकूच जायचं नाही.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात नोटीस लागली. प्रत्येक शिक्षकाचा 'श्रवणांक' मोजला जाणार. मोजणार कोण? पेटी! शिक्षकाचं बोलणं शंभरातलं किती तिला कळतं, तो त्याचा श्रवणांक. साठाच्या खाली गेलात तर जूनपासून तुमचे तास पेटी घेणार आणि तुम्ही कार्यालयात कागद लावणार. गभणे सरांचा आकडा होता एकोणीस. शेवटची तपासणी तीन एप्रिलला, आणि त्या दिवशी तपासनीस साहेब स्वतः येणार.

"पेटीच गोंधळ घालते आन वरून म्हणते सर ऐकू येत नाई!" तक्षू तापली. "आपल्या घरात लग्नाचा बँड लावाचा आन शेजाऱ्याले म्हणाचं, मोठ्यानं बोल!"

आम्ही सरांना पेटीचा माईक लावून पाहिला. झालं भलतंच. सरांचा जेवढा ऐकू यायचा तेवढाही आवाज गायब! का, ते आईनं सांगितलं. माझी आई ज्योत्स्ना हटवार, तालुक्यातल्या बेचाळीस शाळांच्या पेट्यांची देखभाल करते. स्कूटीवर पाना-पेचकसाची पिशवी टाकून फिरते.

"आपण बोलतो तवा गळ्यातल्या पट्ट्या थरथरते," आई म्हणाली. "त्यातून सूर निघते. कुजबुजलं का सूर नसते, नुसती हवा. पंख्याचा आवाज म्हणजे बी नुसती हवाच. पेटीले शिकवलेलं हाय का हवेचा आवाज दिसला का पुसून टाक. तर ते पंख्यासंगं सरालेबी पुसते."

म्हणजे पेटीच्या लेखी आमचे सर हा एक पंखाच होता.

मला इतका राग आला ना! त्या रात्री जेवले नाही असं लिहायला हवं, पण मी चांगली चार पोळ्या जेवले आणि ठरवलं, हा पंखा मी गप्प करणार.

दुसऱ्या दिवशी मी आणि तक्षूनं पेटीला गोधडी गुंडाळली. माझ्या लहानपणीची, सहा पदरी, जाडजूड. काय शांत झाला वर्ग! अकरा मिनिटं. मग पेटीतून करपल्यासारखा वास आला, पडद्यावर लाल पट्टी आली आणि सगळं बंद. पंचाऐंशी अंशांना पेटी स्वतःला मारून घेते, आतलं जळू नये म्हणून. सरांच्या तासात पेटी बंद पडली अशी नोंद झाली, आणि आईला पेटीच्या कंपनीची लेखी ताकीद आली. आणखी एक अशी ताकीद आली तर आईचं काम गेलं.

आई घरी आली ती गोधडी काखेत मारून.

"पेटीले गोधडी? काय बाळंतीण हाय का ते?"

मी मान खाली घालून उभी.

"सांग ना, काऊन गुंडाळली?"

"आवाज जावा म्हणून."

"आवाज गेला. संगं हवाबी गेली. तोंड दाबलं का माणूस गप होते, पण मरतेबी. कळलं?"

मला वाटलं आता फटका. पण आई मटकन खुर्चीत बसली. "गभणे सर मलेबी होते वं, सातवीत," ती म्हणाली. मग टेबलावरचा कागद ओढून तिनं पंखा काढला. "पंख्याचा वेग निम्मा केला तर हवा निम्मीच होते. पण आवाज कितीतरी खाली पडते, मांजर चालल्यावानी. निम्म्या हवेत पेटीची दोनशे वॅट उष्णता जाईल. राहिली शंभर. ते शंभर कुठी ठेवाची ते सांग. पण माझं सील तोडाचं नाई. पेटीले आतून हात लावला तर मी गेली."

ते शंभर कुठं ठेवायचे? मी तीन दिवस याच विचारात. उत्तर सापडलं गोळेवाल्याकडे. माझ्या हातातल्या ग्लासात लिंबू सरबत होतं आणि त्यात बर्फाचा चुरा. बेचाळीसच्या उन्हात उभी होते, पण बर्फाचा शेवटचा तुकडा विरघळेपर्यंत सरबत थंडगारच! ऊन तर आत शिरत होतं, मग जात कुठं होतं? वितळण्यात! वितळणारी वस्तू उष्णता गिळत राहते आणि तरी तिचं तापमान हलत नाही. यालाच अप्रकट उष्मा म्हणतात, आणि हा धडा आम्हाला शिकवला होता कोणी? गभणे सरांनी. माझ्या बाकापाशी वाकून.

मी तिथेच ओरडले, "मिळालं!" गोळेवाले काका दचकले. माझा आवाज एवढा मोठा आहे हे मलाच त्या दिवशी कळलं.

पेटीला बर्फ लावता येत नाही, पाणी सुटतं. असं काहीतरी हवं जे आमच्या उन्हातही घट्ट राहील आणि पेटी तापली की वितळेल. खोबरेल तेल? ते बाटलीत आधीच पातळ. तूप? तेही. मग आईनं मेणबत्त्या करणाऱ्यांकडून मेण आणलं, छप्पन अंशांना वितळणारं. हिशेब मी केला: एका तासिकेत साधारण एक किलो मेण वितळेल, मधल्या सुट्टीआधी चार तासिका, म्हणजे चार किलो. पण मेण मोठं आळशी, एका कडेची उष्णता दुसऱ्या कडेला पोचवतच नाही. तक्षूचे बाबा पितळेच्या भांड्यांच्या कारखान्यात लेथवर आहेत. भंडाऱ्यात पितळेला काय तोटा! त्यांनी लेथखाली पडणारा पितळेचा सोनेरी कीस पिशवीभर दिला आणि एक चपटा डबाही वळून दिला. किसात मेण ओतलं, आणि डबा पेटीच्या मागच्या गरम पत्र्याला बाहेरून आवळून बसवला. सील जिथल्या तिथे.

पंखा पत्र्याचं तापमान बघून फिरतो. पत्रा छप्पनवर थबकला आणि पंखा हळूहळू उतरत गेला. सूंऽऽ. सूं. मग नुसता श्वास.

वर्गात सगळे एकमेकांकडे बघायला लागले. खिडकीबाहेर साळुंक्या भांडत होत्या, त्या तीन वर्षं तिथेच भांडत असणार. कोणीतरी पोळीचा घास चावत होतं, तेही ऐकू आलं.

"डबा बंद कर, साखरवाडे," सर पुटपुटले. शेवटच्या बाकावरच्या साखरवाडेनं डबा बंद केला आणि वर्ग हसत सुटला, कारण सर फळ्यापाशी होते!

एकच अडचण. गिळलेलं पुन्हा बाहेर काढावं लागतं. मेण परत घट्ट झालं नाही तर पुढच्या तासाला काही उपयोग नाही. त्यासाठी पंखा एकदा पूर्ण जोरात फिरायला हवा. पेटीच्या मागे 'धूळझाड' नावाचं बटण आहे, ते दाबलं की पंखा दहा मिनिटं तुफान फिरतो. पण पेटी काम करत असताना ते चालत नाही. पेटी कधी थांबते? मधल्या सुट्टीची घंटा ऐकली की.

"म्हणजे तासाला गप, सुट्टीत दंगा," तक्षू म्हणाली. "हे तं आपल्यावानीच झाली!"

फळा पुसण्याच्या पाळीशेजारी आम्ही धूळझाडीची पाळी लावली. मधल्या सुट्टीत तीन वेळा बटण. बाहेर पोरं गरजायची, आत पेटी. तिघी-चौघींचा बाहेरचा खेळ बुडायचा, पण कोणी कुरकुरलं नाही. पंधरा दिवसांत सरांचा आकडा एकोणीसवरून सहासष्टवर आला. पंखाच नाही म्हटल्यावर पेटीला पुसायला काही उरलंच नाही, आणि पुसापुशी थांबली तशी सरांची वाळकी पानं तिला एकेक करून दिसायला लागली.

मग आला तीन एप्रिल.

सकाळी फळ्यावर सूचना: 'साहेबांच्या स्वागत समारंभामुळे आज मधली सुट्टी होणार नाही. विद्यार्थ्यांनी समारंभ वर्गातच पेटीच्या पडद्यावर पाहावा.'

मी दोनदा वाचलं. सरांचा तास पाचवा, बरोबर मधल्या सुट्टीनंतरचा. चार तास मेण वितळणार, वर समारंभ दाखवायला पेटी आणखी राबणार, आणि धूळझाड नाही. डब्याला आईनं थर्मामीटर चिकटवला होता. तिचे शब्द होते, "छप्पनवरून हललं का समज, मेण संपलं."

मंडपात भाषणं सुरू झाली. साहेबांना शाल. साहेबांना श्रीफळ. साहेबांना पितळेची समई. छप्पन. छप्पन. कोणीतरी कविता वाचली. सत्तावन्न.

"तक्षू."

"दिसलं मले. जा."

मी मुख्याध्यापिकांकडे पळाले. निनावे मॅडम मंडपाच्या कडेला हारांची मोजणी करत होत्या.

"मॅडम, मधली सुट्टी पाहिजे."

"आज नाही, बेटा."

"दहा मिनिटं तरी. पेटीला पाहिजे."

"पेटीला सुट्टी?" मॅडम हसल्या. "जा वर्गात. आज नको ते काही करू नका, पाया पडते तुमच्या."

"मॅडम, सरांचा तास..."

"गभणे सर मोठे कलावंत आहेत, मलाही वाईट वाटतं. पण यंत्राला कळत नाही तर आपण काय करणार?"

त्या वाईट माणूस नाहीत, हे मी मुद्दाम लिहिते. त्या फक्त सगळ्यांसारख्या होत्या. यंत्राला कळत नाही म्हणून माणूस हलवायचा, हे सगळ्यांना इतकं सरळ वाटत होतं की यंत्र हलवून बघू असं कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

परत येताना व्हरांड्यात सर दिसले. तपासणीसाठी इस्त्रीचा शर्ट घातलेला. हातात खडू. त्यांनी थर्मामीटर पाहिला असणार, कारण ते म्हणाले, "जाऊ दे यामिनी. नाटकातसुद्धा एक प्रवेश असा असतोच, ज्यात पात्रानं गुपचूप निघून जायचं असते."

"तुम्ही खलनायक होते ना सर?"

"हो."

"खलनायक गुपचूप जाते का कधी?"

मी पळत सुटले.

आमच्या शाळेची घंटा म्हणजे पितळेची जाड थाळी, व्हरांड्याच्या टोकाला टांगलेली. शिपाईकाका मंडपात चहा देत होते. हातोडा खुंटीला. मी तो उचलला. तीन वर्षं 'प्रतिसाद नाही' असलेली मुलगी मी, आणि समोर साडेसहाशे मुलांची शाळा, भाषण करणारे साहेब. हाणला टोला.

टण्ण!

साहेब 'शिस्त' या शब्दावर होते. टण्ण टण्ण टण्ण टण्ण! मधल्या सुट्टीची घंटा आम्हाला झोपेतही कळते. एक क्षण काहीच झालं नाही. मग वीस वर्गांची वीस दारं उघडली आणि शाळा फुटली. डबे, चेंडू, पाण्याच्या बाटल्या, आरोळ्या! निनावे मॅडम हात वर करून काहीतरी म्हणत होत्या, पण सुटलेली शाळा पुन्हा भरायला किती वेळ लागतो हे मोजायला कुठलीच पेटी लागत नाही.

आणि आमच्या वर्गात पेटीनं घंटा ऐकली, पडदा मिटला, आणि तक्षूनं बटण दाबलं. सूंऽऽऽऽ! तो आवाज मला तिथवर ऐकू आला. पहिल्यांदाच तो मला आवडला.

"कोणी दिली घंटा?" साहेब व्हरांड्यात आले. मागे मॅडम, मागे शिपाईकाका.

हातोडा माझ्याच हातात होता. तरी मी सांगितलं. "मी."

"कोणाच्या परवानगीनं?"

"परवानगी मागितली होती जी. भेटली नाही." माझा आवाज व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला आपटून परत आला. "मधली सुट्टी आमची हाय. आन पेटीचीबी. बिनसुट्टीचं कोणाचंच डोकं चालत नाही, साहेब. तपासणी कराची असेल तं दोघांची बरोबरीनं करा. सरांले गरम पेटीसमोर उभं करून त्यांचा आवाज मोजू नका."

मॅडमनी डोळे मिटले. साहेबांनी घड्याळ पाहिलं, मग मैदान पाहिलं. तिथे त्यांच्याच हारातल्या झेंडूनं क्रिकेट सुरू झालं होतं.

"अर्ध्या तासानं वर्ग भरवा," ते मॅडमना म्हणाले. "आणि ही मुलगी पहिल्या बाकावर पाहिजे मला."

पाचवा तास पस्तीस मिनिटं उशिरा सुरू झाला. डबा पुन्हा छप्पनवर. साहेब मागे खुर्ची टाकून बसले. सर आले, खडू उचलला आणि अप्रकट उष्म्याची उजळणी घेतली. वाळकी पानं पहिल्या बाकावरून चालत मागच्या भिंतीपर्यंत गेली. तास संपताना सर थांबले, साहेबांकडे पाहिलं, आणि बिनआवाजाचं ते जुनं खलनायकी हसू हसले. नुसती हवा. साहेबांनी खुर्ची मागे सरकवली, आईशपथ!

श्रवणांक एकाहत्तर.

आई त्याच दुपारी आली. साहेबांनी डब्याकडे बोट दाखवून विचारलं, "हे कोणाचं काम?" आईनं देखभालीची वही उघडली, उभ्या उभ्या लिहिलं: 'मेणाचा डबा, बाहेरून जोडलेला. सील शाबूत. पेटी सुस्थितीत. काम माझं.' आणि खाली पूर्ण नावानं सही ठोकली. कंपनीचं उत्तर अजून यायचं आहे. आई म्हणते, येऊ दे. दरम्यान तिनं तीन शाळांत डबे बसवलेत.

मला शिक्षा झाली: आठ दिवस मधली सुट्टी बंद. म्हणजे आठही दिवस धूळझाडीची पाळी माझी. आणि शाळेच्या सूचनाफलकावर निनावे मॅडमच्या सहीनं एक कागद लागला, त्याचा फोटो प्रत्येकाच्या फोनमध्ये आहे: 'पेटीच्या सुरक्षिततेसाठी मधली सुट्टी यापुढे कोणत्याही कारणानं रद्द होणार नाही.' कोणत्याही कारणानं!

शिक्षा संपली त्या दिवशी सरांनी प्रश्न विचारला आणि माझ्याकडे पाहिलं. बाकापाशी आले नाहीत. फळ्याजवळच उभे राहिले. मी ताडकन उठले आणि उत्तर असं दिलं की शेजारच्या 'अ' वर्गानं टाळ्या वाजवल्या.

"हळू बोल, यामिनी," सर कुजबुजले. "आता ऐकू येते."

"माहीत आहे सर," मी म्हणाले, तेवढ्याच मोठ्यानं.